किती लिटर पाणी टाकू? पोतं, फळी आणि ड्रमच्या गणिताची पूर्ण तपासणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातलं एक शेत. सोयाबीन निघालं होतं, ट्रॉली भरून बाजार समितीत न्यायची होती आणि हमाल मिळत नव्हते. घरचे मोठेबाबा साठीच्या पुढचे, पाठीवर पोतं घेणं त्यांच्याकडून होत नाही. त्यांनी युक्ती काढली. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली कडुनिंबाखाली उभी केली, मागचा फाळका उघडला आणि ट्रॉलीच्या तळाला एक जाड फळी टेकवली. विहिरीवरची जुनी लोखंडी गडगडी झाडाच्या फांदीला बांधली. पोत्याला बांधलेला दोर फळीच्या रेषेतच ट्रॉलीवरून पुढे गडगडीपर्यंत जायचा, तिच्यावरून खाली उतरायचा आणि त्याच्या टोकाला ५० लिटरचा निळा ड्रम लटकायचा. ड्रममध्ये पाणी भरलं की तो खाली जाईल आणि पोतं वर येईल, असा हिशेब.

प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी अकरावी सायन्सला असलेल्या पुतणीला विचारला: "पाणी किती लिटर टाकू, थे सांग फक्त."

माझ्या माहितीत घर्षण आणि ताण यांवरचा याहून चांगला प्रश्न नाही. तिनं तो वहीत सोडवला, उत्तर चुकलं आणि वही माझ्याकडे आली. चूक आकडेमोडीत नव्हती, सगळी सूत्रं पाठ होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. आमच्या वर्गातली निम्मी मुलं हेच गणित नेमकं असंच चुकतात.

मापं

फळी २.५ मीटर, ट्रॉलीचा तळ जमिनीपासून १ मीटर. म्हणजे उताराच्या कोनाचा साइन ०.४, कॉस ०.९१७ आणि कोन साधारण साडेतेवीस अंश. तागाचं पोतं ५० किलोचं. रिकामा ड्रम अडीच किलोचा. पाण्याचं बरं असतं, एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन हवं तसं वाढवता येतं.

राहिला घर्षण गुणांक, म्हणजे पोत्याच्या दाबाच्या किती पट घर्षण होऊ शकतं तो आकडा. पुस्तकातल्या तक्त्यात 'तागाचं पोतं आणि बाभळीची फळी' अशी ओळ सापडत नाही, तो मोजावाच लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज पडली नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बायांचा कापूस ज्या काट्यावर मोजतात, तो स्प्रिंगचा ताणकाटा घरात होताच. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल गावात कुणालाच शंका नसते. आणि ताणकाटा मोजतो काय, तर ताणच. वजन आपण त्यावरून ठरवतो.

फळी जमिनीवर आडवी ठेवली, वर पोतं ठेवलं, पोत्याच्या तोंडाला काटा अडकवला आणि मुलीनं आडवं ओढायला सुरुवात केली. इथे दोन मिनिटं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं याच दोन मिनिटांत आहे. काटा ५ वर गेला, पोतं जागेवर. १० वर गेला, पोतं जागेवर. १५, तरी जागेवर. २० च्या आसपास पोत्याला एकदम झटका बसला, ते सरकलं आणि काटा खाली येऊन १७ ते १८ मध्ये थरथरत राहिला.

मी विचारलं, "काटा १० वर होता तेव्हा घर्षण किती होतं?"

तिनं तोंडपाठ उत्तर दिलं (म्यू म्हणजे घर्षण गुणांक, नॉर्मल म्हणजे फळीवरचा लंब दाब), "म्यू गुणिले नॉर्मल. म्हणजे २०."

"१० नं ओढलं आणि घर्षणानं २० नं मागं ओढलं, तर पोतं कुठे गेलं असतं?"

ती गप्प राहिली. मोठेबाबा मात्र मागून म्हणाले, "मागं कायले जाईन थे?"

पोतं मागं गेलं नाही, कारण ओढ १० ची होती तेव्हा घर्षणही १० चंच होतं. ओढ १५ झाली तेव्हा ते १५ झालं. २० ही त्याची मर्यादा आहे, नेहमीची किंमत नव्हे. त्या मर्यादेवरून स्थितिक घर्षण गुणांक २० भागिले ५० म्हणजे ०.४ आला आणि सरकताना दिसलेल्या साडेसतरावरून गतिक घर्षण गुणांक ०.३५.

एकदा मात्र काटा १२ वरच असताना पोतं सुळकन निघालं. फळीवर हात फिरवून पाहिलं तर पोत्याच्या शिवणीतून गळलेले सोयाबीनचे दाणे खाली लोळत होते. गोल, गुळगुळीत, टणक दाणे, म्हणजे बॉल बेअरिंगच. ते वाचन सोडून दिलं आणि फळी झाडून घेतली. पोतं चपटं ठेवलं काय, कुशीवर ठेवलं काय, आकड्यात म्हणावा असा फरक पडला नाही. घर्षण दाबावर अवलंबून असतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही, हे फ्रान्समध्ये आमोंतों या शास्त्रज्ञानं १६९९ साली मांडलं होतं आणि कुलोंनं १७८५ च्या निबंधात तपशिलानं तपासलं. मऊ पोत्याला हा नियम काटेकोर लागू होईलच असं नाही, पण आमच्या काट्याच्या बारकाव्यापुरता तो टिकला.

वहीतलं उत्तर

आता वही. तिनं ड्रमसह वजन २० किलो धरलं होतं, कारण मोठेबाबांनी पहिल्यांदा अंदाजानं तेवढंच लटकवलं होतं. पुढे असं लिहिलं होतं: ड्रम खाली ओढतो १९६ न्यूटननं. पोत्याच्या वजनाचा उताराच्या दिशेचा भाग ५० गुणिले ९.८ गुणिले ०.४, म्हणजे १९६ न्यूटन. लंब बल, म्हणजे फळीशी काटकोनातला दाब, ४४९ न्यूटन. घर्षण ०.४ गुणिले ४४९, म्हणजे १८० न्यूटन. पोतं वर चढतंय, म्हणून घर्षण खालच्या दिशेला. मग १९६ वजा १९६ वजा १८०, भागिले एकूण वस्तुमान ७०. त्वरण उणे २.५७ मीटर प्रति सेकंद वर्ग. शेवटची ओळ: 'चिन्ह उणे, म्हणून पोतं खाली घसरेल.'

मोठेबाबांनी वही न बघताच निकाल दिला होता. "तुह्या पुस्तकात घसरते, इथं तं हालूनच नाही राह्यलं."

उत्तरावर एक नजर टाकली तरी ते अशक्य आहे हे दिसायला हवं. दोन्हीकडची ओढ १९६ न्यूटन, म्हणजे बरोबरीची. उरलं फक्त घर्षण, आणि वहीप्रमाणे तेच पोत्याला खाली पळवतंय. घर्षण स्वतः उठून एखाद्या थांबलेल्या पोत्याला पळवू लागलं, तर गावातल्या कुठल्याही गोदामात माल जागेवर राहणार नाही.

बरं, खालच्या दिशेचं घर्षण तिनं घेतलं ते कशावरून? तर 'पोतं वर चढतंय' या गृहीतावरून. आणि उत्तर निघालं खाली घसरण्याचं. गृहीत आणि उत्तर एकमेकांच्या विरुद्ध गेले की गणित तिथेच थांबवायचं असतं, चिन्हाला शरण जायचं नसतं. इतर गणितांत उणे त्वरण आलं की 'दिशा उलटी' म्हणून मोकळं होता येतं. घर्षणात नाही होता येत, कारण दिशा उलटली की घर्षणाचीही दिशा उलटते आणि आख्खं समीकरणच बदलतं.

ही सवय लागते कुठून, याबद्दल माझं एक मत आहे. आपल्या मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात गतीचे नियम चौथ्या प्रकरणात आहेत. घर्षण येतं सहाव्यात, स्थायूंच्या यांत्रिक गुणधर्मांसोबत. मध्ये अख्खं गुरुत्वाकर्षण. चौथ्यात दोर आणि कप्पी गुळगुळीत टेबलावर शिकवून होतात आणि सहाव्यात घर्षण येतं ते एका ओळीच्या सूत्रासारखं. दोन्ही एकाच पोत्यावर एकत्र लावायची वेळ वर्गात फारशी येतच नाही. त्यात क्लासमध्ये 'आधी घर्षण काढून ठेवा' हा मंत्र असतो. सीईटीत एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा जड वाटतं, तेव्हा मंत्र कामाला येतो आणि असल्या प्रश्नात दगा देतो.

आधी विचारायचं, हलतंय का

या गणिताची सुरुवात घर्षणापासून करायची नाही. सुरुवात करायची ती पोतं स्थिर आहे असं धरून. स्थिर राहायला किती घर्षण लागेल ते काढायचं. मग ते १८० च्या मर्यादेत बसतं का हे पाहायचं. बसलं तर पोतं स्थिर, आणि घर्षण तेवढंच जेवढं लागलं. नाही बसलं तर पोतं सरकणार. ते कोणत्या बाजूला सरकणार हे त्या गरजेच्या दिशेवरूनच कळतं आणि मग त्याच्या उलट दिशेला गतिक घर्षण, १५७ न्यूटन, लावायचं.

स्थिर पोत्यासाठी ९.८ चीसुद्धा गरज नाही. सगळी बलं किलोतच मोजली तर दोन्ही बाजूंना तोच आकडा येतो आणि उडून जातो. मोठेबाबांना हिशेब समजला तो याच भाषेत. पोत्याचा उताराचा जोर ५० गुणिले ०.४, म्हणजे २० किलो. घर्षणाची मर्यादा ५० गुणिले ०.९१७ गुणिले ०.४, म्हणजे १८.३ किलो. (मुलांची आणखी एक आवडती चूक इथे होते. कॉस विसरून ती ही मर्यादा २० धरतात.)

२० हे १८.३ पेक्षा जास्त आहे. म्हणजे दोर नसेल तर पोतं फळीवर राहणारच नाही, आपसूक खाली येईल. दोरानं फक्त फरक भरून काढायचा, १.७ किलोचा. आणि रिकामा ड्रमच अडीच किलोचा आहे.

हे मुलीनं कागदावर काढलं तेव्हा तिचा स्वतःचाही विश्वास बसला नाही. ५० किलोचं पोतं उतारावर, आणि ते थोपवायला रिकामा प्लास्टिकचा ड्रम? लटकवून पाहिला. पोत्याला हातानं धरलं होतं ते हळूच सोडलं. पोतं उभंच. ड्रम काढून घेतला तेव्हा ते रेंगाळत, मग जरा वेगानं खाली सरकलं. पुन्हा ड्रम लावला, पुन्हा उभं.

मग एकेक मग पाणी टाकत गेलो आणि प्रत्येक टप्प्याला तिला घर्षण तोंडी सांगायला लावलं. रिकामा ड्रम असताना दोर २.५ नं वर ओढतो, उतार २० नं खाली, म्हणजे घर्षण वरच्या दिशेला १७.५ किलो. ड्रम पाण्यासह १० चा झाला, घर्षण वर १०. ड्रम २० चा झाला आणि घर्षण शून्य. शून्य म्हणजे खरोखर शून्य. फळी तीच, खरखरीतपणा तोच, गुणांक तोच, दाब तोच, आणि घर्षण नाही, कारण त्याला काम उरलं नाही. वहीत नेमकं इथेच १८० लिहिलं होतं. पुढे ड्रम ३५ चा झाला तेव्हा घर्षण १५ किलो, पण आता खालच्या दिशेला. पोत्याला हे सगळं कळलंच नाही. ते पूर्ण वेळ तसंच उभं होतं.

हिशेबानं ड्रम १.७ पासून ३८.३ किलोपर्यंत काहीही असला तरी पोतं स्थिर राहतं. एवढा मोठा पट्टा. 'किती लिटर टाकू' या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं: ड्रमसह ३८.३, म्हणजे साधारण ३६ लिटर पाण्यापर्यंत काहीच होणार नाही.

तागाऐवजी प्लास्टिकच्या पोत्याचा, म्हणजे कट्ट्याचा, गुणांक मोजला तर तो ०.३ च्या आसपास आला. त्याचा पट्टा सव्वासहा ते पावणेचौतीस किलो. रिकामा ड्रम त्याला पुरत नाही.

गडगडी आपला वाटा घेते

प्रत्यक्षात पोतं ३८.३ ला हललं नाही. ४० लाही नाही. ४२ च्या जवळ निघालं. मुलीला वाटलं, गुणांक चुकीचा मोजला. तसं असतं तर ते आणखी एका जागी दिसलं असतं, म्हणून काटा दोराच्या मध्ये, पोत्याच्या बाजूला बांधला. पोतं निघायच्या क्षणी तिकडे ३८ ते ३९ दिसत होते. म्हणजे पोत्याचा हिशेब बरोबर होता. दोर गडगडीच्या एका बाजूला ४२ नं ताणलेला आणि दुसऱ्या बाजूला ३८ नं. मधले गंजलेल्या आसात गेले.

'दोरात सगळीकडे सारखा ताण' हे वाक्य मुलं निसर्गनियमासारखं म्हणतात. ते खरं असतं दोर हलका असेल आणि कप्पी बिनघर्षणाची, हलकी असेल तेव्हा. गणिताच्या पहिल्या ओळीत ती अट लिहिलेली असते, वाचतं कोण!

मोठेबाबांनी यावर आपला अनुभव सांगितला. गडगडी बसवण्याआधी ते दोर सरळ लोखंडी फाळक्यावरून घ्यायचे आणि "दुप्पट जोर लागे." दुप्पट नसेल, पण फार लांबही नाही. दोर उताराच्या दिशेनं येऊन खाली वळतो, म्हणजे जवळपास ११४ अंशांत वळतो. लोखंड आणि दोर यांचा गुणांक ०.२५ धरला तर दोन्हीकडच्या ताणांचं प्रमाण १.६ च्या थोडं वर जातं. ३८ च्या जागी ६३ किलो. हे सूत्र अकरावीला नाही, पण मुलीला आकडा सांगितल्यावर तिनं गडगडीकडे जरा आदरानं पाहिलं.

आणखी एक गोष्ट तिनंच हेरली. ड्रम ४० ते ४१ चा असताना पोतं उभं राहतं, पण त्याला मागून नुसता टेकू दिला की निघतं आणि मग थांबत नाही. कारण एकदा सरकायला लागलं की घर्षण १८.३ वरून १६ वर येतं. कापसाची गाठ असो की कपाट, ढकलणाऱ्या सगळ्यांना हे अंगानं माहीत असतं.

पोतं निघाल्यावर ताण

ड्रम ४५ चा केला आणि पोतं हातानं धरून सोडलं. आता किलोची भाषा सोडावी लागते, कारण त्वरण आलं. इथे दुसरी नेहमीची चूक: ताण म्हणजे ड्रमचं वजन, ४४१ न्यूटन. ड्रम लटकून स्थिर असेल तर बरोबर. पण ड्रम खाली वेग घेत असेल तर त्याच्यावरची खालची ओढ वरच्या ओढीपेक्षा जास्त असायलाच हवी. म्हणजे ताण ४४१ पेक्षा कमी.

दोन वस्तू, दोन समीकरणं. ड्रमसाठी: ४४१ वजा ताण = ४५ गुणिले त्वरण. पोत्यासाठी: ताण वजा १९६ वजा १५७ = ५० गुणिले त्वरण. बेरीज केली की ताण उडतो, त्वरण ८८ भागिले ९५, म्हणजे ०.९३. ताण सुमारे ३९९ न्यूटन, काट्यावर ४०.७ किलो.

काटा ड्रमच्या वर अडकवला आणि मोबाइलवर सावकाश गतीचा व्हिडिओ घेतला. नुसत्या डोळ्यानं काही वाचता येत नाही, सगळा खेळ दोन सेकंदांचा. व्हिडिओत काटा ४५ वरून खाली येतो, हेलकावतो आणि ४२ ते ४३ मध्ये फिरत राहतो. ४०.७ नाही. पण गडगडी पोत्याकडे ताणाचा साधारण ९१ टक्केच भाग पोचवते, हे आधी मोजलेलं होतं. तो हिशेबात धरला तर त्वरण ०.५३ च्या आसपास येतं आणि ड्रमकडचा ताण साडेबेचाळीस किलो. व्हिडिओ पुन्हा पाहताना मुलगी त्या आकड्यापाशी तो थांबवून बसली होती.

मग पाणी किती टाकायचं?

उत्तर होतं ४० लिटर, म्हणजे ड्रमसह साडेबेचाळीस. मोठेबाबांनी ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न टाकला: पोतं वर गेल्यावर ड्रम जमिनीवर आला, आता दुसऱ्या पोत्यासाठी तो वर कोण नेणार? पाणी ओतून रिकामा करायचा, पुन्हा वर भरायचा, प्रत्येक पोत्याला. ऊर्जेचा अख्खा धडा एका वाक्यात निकालात निघाला. शिवाय ड्रम जमिनीला टेकायच्या आधीच पोतं काढून दोर सोडला तर साडेबेचाळीस किलोचा ड्रम धाडकन येणार, ते वेगळंच.

ड्रम फवारणीच्या सामानात परत गेला. गडगडी ठेवली, दोर आता हातानंच ओढायचा. माझा सल्ला होता फळी लांब घ्यायचा. १२ फुटी फळी लावली, म्हणजे ३.६६ मीटर, आणि गडगडी दीड फूट खाली बांधली, म्हणजे दोर फळीला समांतर राहील. हा हिशेब मुलीनं एकटीनं केला: उताराचा जोर १३.७ किलो, लंब बल ४८.१, मर्यादा १९.२. पोतं काढायला ३३ किलो, गडगडीचा वाटा धरून ३६. पूर्वी ४२ लागत होते. तिनं कामाचाही हिशेब मांडला: जुन्या फळीवर पोतं पूर्ण वर न्यायला ८८३ ज्यूल, नव्या फळीवर सुमारे १०९४. जोर कमी, मेहनत जास्त.

मोठेबाबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच आकड्यांवर. १३.७ हे १९.२ पेक्षा कमी आहे, म्हणजे या फळीवर दोर हातातून सुटला तरी पोतं खाली येत नाही. "मेहनत लागन तं लागन," ते म्हणाले, "पण पोतं आंगावर नाही आलं पाह्यजे." फळी रोज झाडून घ्यायची, दाणे राहू द्यायचे नाहीत, हे त्यांनी घरातल्यांना बजावलं. गडगडीच्या आसाला ग्रीस लावल्यावर ३६ चे ३४ झाले.